आंबा विरुद्ध जांभूळ, निवेदक भोंगाआण्णा

भोंगाआण्णांना कुजबुजता येत नसे. त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही, पण घशाची घडणच तशी होती. आमच्या गल्लीत एकदा मुलगी बघायला पाहुणे आले होते. आण्णा मुलीच्या वडिलांच्या कानाशी वाकले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरगं बरं हाय की, पण डोक्यावरचं केस त्याचं न्हाईत." नवऱ्या मुलाचा हात झटकन डोक्याकडे गेला असं म्हणतात. मी तो पाहिला नाही, पण वाक्य मात्र पलीकडच्या घरात, मोरीत कपडे धुताना स्वच्छ ऐकलं. लग्न तरीही झालं. मुलगी म्हणाली, आत्ताच कळलं ते बरं.

हे नाव त्यांना कारखान्यामुळे मिळालं. बावड्यातल्या साखर कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर ते कामाला होते. उसानं भरलेल्या बैलगाड्या तिथं वजनासाठी खोळंबून उभ्या असायच्या आणि आण्णा त्यांचे नंबर पुकारायचे. पुकारायला एक कर्णा दिलेला होता. तो त्यांनी कधी तोंडाला लावला नाही; उलटा ठेवून त्यात तंबाखूची पिशवी आणि भाकरीचं फडकं ठेवायचे. हंगामात पाळी बदलल्याचा भोंगा झाला की आमच्या गल्लीतल्या बायका चुलीपाशी बसूनच एकमेकींना विचारायच्या, "भोंगा का आण्णा?"

पण त्यांचा खरा जीव होता तो कुस्तीच्या निवेदनात. गावोगावच्या यात्रांना मैदानं भरली की आण्णांना बोलावणं यायचं. स्वतः ते कधी लढले नाहीत. लहानपणी एकदा तालमीत गेले होते, पण वस्तादांनी पहिल्याच दिवशी त्यांचं "आई गं" ऐकलं आणि त्यांना हौद्याच्या मातीतून उचलून कठड्यावर बसवलं. तेव्हापासून आण्णा कठड्यावरच होते, आणि आपल्या आजूबाजूला जे चाललंय ते सगळं मैदान आहे अशी त्यांची खात्री होती. नळावर दोन बायकांची जुंपली की हे ओट्यावरून सुरू करायचे, "पाटलीनबाईंनी कळशी पुढं काढलीया, समोरनं सलामी आलीया!" मग बायका आपलं भांडण विसरून त्यांच्यावर तुटून पडायच्या. माझा दहावीचा निकाल आण्णांनी शाळेतून येतानाच पुकारला, त्यामुळे गणितातले मार्क मला आणि गल्लीला एकदमच कळले. पुकारून झालं की ते हमखास विचारायचे, "ऐकू गेलं का कोपऱ्यापत्तुर?" कोपऱ्यावर चहाची टपरी होती. टपरीवाला तिथून ओरडायचा, "गेलं, गेलं!" मगच आण्णा खाली बसायचे.

आम्ही बावड्यात राहायला आलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. शेतं मोडून प्लॉट पडत होते. आण्णांचीही शेती त्यातच गेली होती. उरलं होतं एक घर, पुढचं अंगण आणि आमच्या भिंतीला लागून असलेलं एक जुनं, दणदणीत जांभूळ. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून, आणि बोलायला इतके मवाळ की आईला त्यांचं प्रत्येक वाक्य दोनदा विचारून घ्यावं लागे. आम्ही टेम्पोतून सामान उतरवत होतो तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "जयभीम साहेब! चहा टाकलाय, या समद्यांनी!" वडिलांच्या हातातलं गजराचं घड्याळ पडलं आणि ते पुढं जन्मभर मागे चालत राहिलं. नव्या वस्तीत आपल्याला कोण कसं वागवेल याची आईला धाकधूक होती. ती त्या एका हाकेनं गेली. "सगळ्या गल्लीला एकदमच कळलं," ती नंतर म्हणायची, "एकेकाला सांगत बसायला नको."

आण्णांच्या मंडळींना आम्ही काकी म्हणायचो. काटकुळ्या, आणि आवाज इतका बारीक की कपबशीचा आवाज झाला तरी त्यांचं बोलणं बुडायचं. त्यांचं माहेर गारगोटीच्या पुढचं. माहेरच्या परड्यात त्यांच्या बानं लावलेलं एक रायवळ आंब्याचं झाड होतं, साखऱ्या नावाचं. त्या आंब्याविषयी बोलताना काकी डोळे मिटायच्या. "रस न्हवं गं तो," आईला सांगायच्या, "नुसती साखर. कोय चोखून चोखून पांढरी व्हायची तरी सोडू वाटायची न्हाय." पुढं भावानं स्लॅबचं घर बांधायला काढलं आणि साखऱ्या तोडला. शेवटच्या हंगामातल्या कोयी काकींनी लुगड्याच्या गाठीत बांधून आणल्या आणि डालड्याच्या डब्यांत लावल्या. बाकीच्या कुजल्या. एक तेवढी उगवली. साखऱ्याचं नाव सांगणारं तेवढं एकच रोप आता जगात उरलं होतं, आणि मरायच्या आधी त्याचा आंबा एकदा खायचा, एवढंच काकींचं मागणं होतं.

रोप गुडघ्याएवढं झालं तेव्हा काकींनी आण्णांना जागा दाखवून ठेवली: अंगणाचा पूर्वेचा कोपरा, धुण्याच्या दगडापलीकडे, जिथं दिवसभर ऊन असतं. आणि त्या भाचीच्या लग्नाला गारगोटीला गेल्या. परत आल्या तर रोप जांभळाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर लावलेलं. आळ्यात तालमीची लाल माती, तिच्यात रीतीप्रमाणे ताक, तेल, हळद आणि लिंबू कालवलेलं. भोवती चुन्याची गोल फक्की मारलेली. नारळ फुटलेला. आणि आण्णा छाती काढून उभे.

"ह्ये काय केलंत?" काकी म्हणाल्या.

"जोड लावलीया," आण्णा म्हणाले. "नवा गडी जुन्या गड्याच्या अंगाला लागल्याबिगर तयार हुतोय व्हय? तालमीत काय करत्यात? नव्याला कोपऱ्यात उन्हात बसवत्यात का?"

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती आण्णांनी त्याच रविवारी संध्याकाळी सगळ्या गल्लीला पुकारून सांगितली. जांभूळ त्यांच्या बानं लावलेलं. आंबा काकींच्या बाचा. या दोन व्याह्यांची आण्णांच्या लग्नात पहिली पंगत कुणाची यावरून जुंपली होती, अंगरखे काढण्यापर्यंत मजल गेली होती, आणि नेमकी त्याच वेळी लोकांनी मध्ये पडून ती सोडवली. दोघंही पुढं वारले. "निकाल लागलाच न्हाय!" आण्णा ओरडले. त्यांच्या आवाजात खरीखुरी हळहळ होती. "प्रेक्षकहो, लोकांनी सोडवलेली ती कुस्ती आज फुडं चालू हुतीया! मातीतली कुस्ती, निकाली कुस्ती! पंच मी. कुणी मधी पडायचं न्हाय. ऐकू गेलं का कोपऱ्यापत्तुर?"

"गेलं, गेलं!"

"माझ्या बाच्या झाडाचं शेवटचं रोप हाय ते," काकी म्हणाल्या. ते मात्र कोपऱ्यापर्यंत गेलं नाही. मी भिंतीजवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

काकींनी अबोला धरला. आण्णांना तो कळला नाही, कारण घरात बोलायचं काम पहिल्यापासून त्यांच्याकडेच होतं. अबोला चालला पावसाळाभर, आणि तो सुटेपर्यंत आंब्यानं तांबूस पालवी काढून माती पकडली होती. जाणत्या माणसांनी सांगितलं की आता उपटलात तर मूळ तुटेल आणि रोप जाईल. काकींनी जांभळाकडे बघितलं, आंब्याकडे बघितलं, आणि पदर खोचला. त्या दिवसापासून त्या आंब्याच्या वस्ताद झाल्या.

मग जे सुरू झालं त्याला आमच्या गल्लीत तोड नव्हती. काकी आंब्याला खुराक घालायच्या: ताकाचं पाणी, चुलीची राख, बुधवारी मासळी धुतलेलं पाणी, शेणकाला. आण्णा पंच असल्यामुळे त्यांना हरकत घेता येत नव्हती, पण जांभळाच्या बुंध्याशी एकदा त्यांना चुन्याची निवळी ओतलेली दिसली तेव्हा त्यांनी खेळ थांबवला. "खुराक चालंल! इषप्रयोग चालायचा न्हाय!" काकी म्हणाल्या, मुंग्या झाल्या होत्या. गल्लीत दोन पार्ट्या पडल्या. बायका बहुतेक आंब्याच्या, पुरुष जांभळाचे, आणि टपरीवाला ज्या पार्टीचं गिऱ्हाईक समोर असेल तिचा. माझ्या वडिलांना दोन्ही बाजूंनी विचारून झालं. ते म्हणाले, "मी सरकारी नोकर आहे, मला उघडपणे बाजू घेता येत नाही." आई म्हणाली की त्यांना घरातही घेता येत नाही.

दर रविवारी संध्याकाळी, कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत असताना, निवेदन व्हायचं. झाडं आठवड्याभरात काय करणार? पण आण्णांना दिसायचं. "जांभळानं वरनं फांदी टाकून मान दाबलीया... आंबा खाली हाय... आंबा दम धरून हाय... आणि आंब्यानं पट काढला! आंब्यानं खालनं मूळ घातलंया!" मूळ त्यांना कसं दिसलं, हे कुणी विचारलं नाही. यात्रेला मैदान असेल तर आण्णा तिथलं संपवून धावतपळत घरी यायचे, कारण ही कुस्ती निवेदकाशिवाय ठेवणं त्यांना पटत नसे.

एकदा बुद्धपौर्णिमेला आईनं त्यांना खीर दिली. वडील त्यांना हळू आवाजात बोधिवृक्षाविषयी सांगत होते. आण्णांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "साहेब, त्या पिंपळाच्या शेजारी दुसरं झाड हुतं का?"

वडिलांनी बराच विचार केला. "तसा उल्लेख माझ्या वाचनात नाही."

"म्हणूनच," आण्णा वाटी चाटून म्हणाले, "शांती हुती."

आंबा वाढत होता, पण वाढत कसला, पळत होता. वर जांभळाचं छप्पर, त्यामुळे तो काठीसारखा बारीक होऊन तिरका आमच्या भिंतीकडे निघाला, आणि एके वर्षी त्यानं शेंडा भिंतीवरून आमच्या अंगणात टाकला. आण्णा फाटकातून आत आले ते हातात दोर आणि एक जुना लाल लंगोट घेऊन.

"साहेब, आमचा गडी तुमच्या हद्दीत आलाय. मधी घ्यायला पायजे."

"राहू द्या की आण्णा, आमची काही तक्रार नाही."

"तुमची न्हाय हो, पर नियम हाय! गडी कडंला गेला की पंचांनी मधी आणायचा."

त्यांनी आंब्याच्या कमरेला लंगोट बांधला, सालीला दोर काचू नये म्हणून, आणि दोर जांभळाला आवळून त्याला परत सावलीत ओढला. माझी आई सहसा मोठ्यांना उलट बोलत नसे. त्या दिवशी ती भिंतीशी आली आणि म्हणाली, "आण्णा, ते कुस्ती खेळत नाहीय, ते उन्हाकडं पळतंय."

आण्णांनी मान हलवली. "वैनी, आमच्या मैदानात पळणं न्हाय."

"मग उन्हाला तरी आत बोलवा."

काकी दारात उभ्या होत्या. आण्णा आत गेल्यावर त्यांनी येऊन तो दोर सैल केला, आणि पुढच्या रविवारी आण्णांनी तो परत आवळला. हे किती वर्षं चाललं कुणास ठाऊक. माझं कॉलेज झालं, मला आजऱ्याच्या शाळेत नोकरी लागली, आणि प्रत्येक सुट्टीत घरी आले की मी आधी भिंतीवरून बघायची की लंगोट बदललाय का.

मे-जूनमध्ये जांभूळ गल्ली जांभळी करून सोडायचं. पोरांच्या जिभा, शर्ट, रस्ता, आमची पांढरी भिंत, सगळं. आंब्याला मात्र मोहोर नव्हता. माघ आला की काकी रोज सकाळी मान वर करून फांद्यांकडे बघायच्या, आणि आईला भिंतीवरून एवढंच सांगायच्या, "औंदा न्हाय." पुढच्या वर्षी परत, "औंदा बी न्हाय." त्यांचे दात पडत चालले होते. माझ्या लग्नाआधीच्या एका माघात मी घरी होते तेव्हा त्या आमच्या पायरीवर आईशी बोलत बसल्या होत्या. "आता चव विसराय लागलीया मी," त्या म्हणाल्या. "आदी डोळं मिटलं की जिभंवर यायची. आता परडं आठवतंय, बा आठवतोय, हात चिकट झालेलं आठवतंय. चव तेवढी येत न्हाय." आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

भोंगाआण्णांना कुजबुजता येत नसलं तरी ऐकू चांगलं यायचं. ते भिंतीपलीकडे जांभळाखाली बाजेवर होते. त्या रविवारी निवेदन झालं नाही. टपरीवाला काय झालं म्हणून चौकशीला आला, तर आण्णा म्हणाले, "घसा बसलाय." ते वाक्यही कोपऱ्यापर्यंत गेलं.

त्यानंतर आण्णा जांभूळ तोडायची परवानगी काढायला कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं बिचाऱ्यानं तोडायचं कारण सहज विचारलं होतं. आण्णांनी इकडं तिकडं बघितलं, टेबलावर वाकले आणि हळूच सांगितलं, "मंडळींना आंबा खायाचाय." अख्खी कचेरी काम सोडून उभी राहिली. दाखल्यासाठी रांगेत थांबलेल्या बायका हसायला लागल्या, त्यांतली एक आमच्या गल्लीतली होती, आणि आण्णा बसनं घरी पोचायच्या आत ही बातमी काकींना समजली होती. काकी दिवसभर घराबाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी पाणी भरायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा झालेला आईनं पाहिला. नळावरच्या कुठल्या बाईला त्यांना काही बोलायचं धाडस झालं नाही.

जांभूळ आण्णांनी स्वतः तोडलं. वय झालेलं, निवृत्तही झालेले. लोक म्हणाले, माणूस लावा. ते म्हणाले, पंचानंच सोडवायची असते. वरच्या फांद्या त्यांनी लाकूडतोड्याकडून उतरवून घेतल्या, पण बुंध्याला कुऱ्हाड स्वतः घातली. सगळी गल्ली जमली होती, पोरं भिंतीवर बसली होती, टपरी बंद होती. आता आण्णा सुरू करतील, मग सुरू करतील, अशी सगळे वाट बघत होते. आण्णा एक शब्द बोलले नाहीत. कुऱ्हाडीचा आवाज, आणि मध्ये मध्ये त्यांचा श्वास. त्यांच्या बाची म्हैस ज्या ठिकाणी बांधायचे, दोर घासून जिथं बुंध्याला खाच पडली होती, तिथं आल्यावर त्यांनी हात थांबवला, खाचेत बोट फिरवलं, आणि तिच्या वरच घाव घातला. खाच त्यांनी ठेवली. झाड पडलं तेव्हा अंगणात एवढा उजेड आला की सगळ्यांनी डोळे बारीक केले. मला त्या दिवशी रडू आलं, आणि मी जांभळाच्या पार्टीची कधीच नव्हते.

"हात दाखवा," काकी म्हणाल्या. आण्णांनी लहान मुलासारखे दोन्ही तळवे पुढं केले. काकींनी त्यांवर पाणी ओतलं.

निकाल काय लागला हे आण्णांनी पुकारलं नाही. कुणी विचारलंही नाही.

ऊन मिळाल्यावर आंबा दोन पावसाळ्यांत असा फोफावला की लंगोट आपोआप फाटला. फक्त त्याची कंबर कायमची वाकडी राहिली. मग एका माघात काकींनी भिंतीवरून आईला हाक मारली. नुसती हाकच मारली आणि बोट वर फांदीकडे केलं. मोहोर आला होता.

पहिले आंबे उतरवून काकींनी गवताच्या आढीत घातले. मी लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आले होते. आंबा पिकल्याचा दिवस आण्णांनी आदल्या दिवशीच जाहीर केला होता, त्यामुळे अंगणात उभं राहायला जागा नव्हती. काकींनी आंबा धुतला, कपाळाला लावला, हातात माचोळून मऊ केला, देठ काढला आणि डोळे मिटून तोंडाला लावला.

"प्रेक्षकहो!" आण्णा गरजले. "आंबा व्हटाला लागलाय! मंडळींचं डोळं मिटल्यालं हाईत! आणि... आणि..."

काकींचा सगळा चेहरा तोंडाभोवती गोळा झाला. खांदे कानांपर्यंत वर गेले.

"आंबाट ढ्याण!" काकी म्हणाल्या.

माझे वडील माझ्या कानाशी म्हणाले की कोयीपासून केलेलं झाड मूळ झाडावर जाईलच असं नसतं, त्यासाठी कलमच करावं लागतं. हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, पण सरकारी नोकर असल्यामुळे ते बोलले नव्हते. मी आण्णांकडे बघितलं. बाचं जांभूळ तोडून या माणसानं हा आंबा मिळवला होता. त्यांचं तोंड उघडंच होतं आणि त्यातून काही येत नव्हतं.

आणि काकी हसायला लागल्या. आधी बारीक, मग पोट धरून, मग ओट्यावर बसून. त्यांच्या हसण्याला एवढा आवाज आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. "अवो," त्या आण्णांना म्हणाल्या, "तुमचं वरडणं ऐकून ऐकून आंबाट झालाय त्यो!" मुलाबरोबर सुट्टीला आलेली त्यांची सून आतून तिखट-मीठ घेऊन आली. काकींनी तिखट-मीठ लावून तो आंबा कोयीपर्यंत खाल्ला, शेवटी कोयही चोखली. आण्णा अजून तसेच उभे होते. काकींनी त्यांना शेजारी बसवलं आणि हनुवटीवरून ओघळलेला रस पुसत म्हणाल्या, "माझ्या बाचा न्हाय ह्यो. माझा हाय."

आण्णांनी हे वाक्य पुकारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्या वर्षी गल्लीतल्या प्रत्येक घरात साखऱ्याचं लोणचं होतं. त्यात नावाला साखर नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट झाली. जांभळाच्या खुंटातून, त्या खाचेच्या जरा खालून, एक कोंब आला. म्हणता म्हणता गुडघ्याएवढा झाला. आंब्यापासून हातभर अंतरावर. आता आंबा जुना आणि जांभूळ नवं. मला हे आजऱ्याला फोनवरून आण्णांनीच सांगितलं. खरं तर फोन नसता तरी कदाचित ऐकू आलं असतं. "गडी उठला! मेल्याला गडी उठला! परत जोड लागलीया! ह्या बारीला म्या लावल्याली न्हाय, काकींना इचार!" मागून काकींचा बारीक आवाज येत होता, "ह्याला तरी जरा लांब उगवा म्हणायचं हुतं." तेव्हापासून रविवारची निवेदनं पुन्हा सुरू झाली, फक्त आता आण्णा उघडपणे कोंबाच्या बाजूचे होते, आणि मासळीचं पाणी काकी दोघांनाही वाटून घालत होत्या.

आण्णा गेले ते ऐन गाळपाच्या हंगामात, दुपारी जेवून बाजेवर पडले ते उठले नाहीत. मी पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती आणि सगळे जण हळू आवाजात बोलत होते. एवढी माणसं, आणि एवढी कुजबुज. मला ते सहन होईना. त्यांच्या अंगणात असं कुणी कधी बोललंच नव्हतं. पाळीचा भोंगा झाला तेव्हा दोनतीन बायकांनी सवयीनं माना वर केल्या आणि मग पदर तोंडाला लावला.

मी आठवडाभर आईकडे राहिले. रविवारी संध्याकाळी भिंतीवरचे वाळलेले कपडे काढत होते. काजळी पडत होती. काकी काठी टेकत घरातून आल्या आणि आंब्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. जांभळाचा कोंब आता त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता आणि आंब्याच्या वाकड्या कमरेला टेकला होता. काकींनी पदर सारखा केला, खाकरल्या.

"प्रेक्षकहो," त्या म्हणाल्या.

पुढं आठवेना. त्यांनी मान वळवून मला बघितलं. "जांभळानं काय केलंय गं त्ये? काय म्हणायचं त्याला?"

"पट काढलाय, काकी."

"हां. जांभळानं पट काढलाय." त्यांनी दम घेतला. काठी दोन्ही हातांनी धरली आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला. "आंबा दम धरून हाय. कुस्ती चालू हाय." मग माझ्याकडं बघून विचारलं, "ऐकू गेलं का गं कोपऱ्यापत्तुर?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं. टपरी आण्णा गेल्यापासून उघडली नव्हती. तिथं कुणीच नव्हतं, आणि असतं तरी तो आवाज आमच्या पायरीपर्यंतही गेला नसता.

"गेलं काकी," मी म्हणाले. "गेलं, गेलं."

मगच त्या ओट्यावर बसल्या.